शब्दांचा ताणाबाणा : इंग्रजीचा अभ्यास कसा करावा?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी ज्या मुलामुलींचा येथे गौरव झाला, त्यांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. विणकराच्या आणि विडी वळणाऱ्या मातेच्या घरातून ही मुले पुढे आली आहेत. त्यांच्या यशात त्यांच्या आईवडिलांच्या जागरणाचा वाटा किती आहे, हे ह्या सभागृहात कोणालाही सांगावयास नको. संस्थेच्या चालकांनी आम्हांस इंग्रजीच्या अभ्यासाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली. विषय वरवर पाहता कोरडा आहे. परंतु आपल्या समाजातील अनेक होतकरू तरुणांची गाडी नेमकी ह्याच ठिकाणी अडते, असे आम्ही गेली अनेक वर्षे पाहत आलो आहोत. म्हणून त्यावर मोकळेपणाने बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अडचण कोणती? मुलाला इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत शंभरापैकी ऐंशी गुण मिळतात. निबंध पाठ असतो, व्याकरणाचे नियम तोंडपाठ असतात, शब्दार्थांच्या वह्या भरलेल्या असतात. पण नोकरीच्या मुलाखतीत साधा प्रश्न आला, की तोच मुलगा मान खाली घालून गप्प बसतो. बाहेर आल्यावर म्हणतो, "मला सगळे समजत होते, पण वाक्य जुळेना." त्याच्या ह्या उत्तरातच रोगाचे निदान आहे. कोठारात सुताच्या लडी रचून ठेवल्या आहेत, परंतु त्या मागावर चढल्याच नाहीत. लडी कितीही असोत, त्यांनी अंग झाकत नाही. त्यासाठी कापड विणावे लागते.

इंग्रजी म्हणजे परक्या शहरांची, बड्या घरांची मिरास, असा न्यूनगंड काही पालकांच्या मनात असतो. आपल्या नगरच्या लोकांनी तरी तो बाळगण्याचे कारण नाही. आज ह्या शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. परंतु नाव कोणतेही असो, इंग्रजी विद्येशी ह्या भूमीचा संबंध फार जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनने येथे १८३१ मध्ये ठाणे मांडले. सिंथिया फरार ही बाई अमेरिकेहून १८२७ मध्ये मुंबईस आली, १८३९ मध्ये नगरास आली आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिने येथे मुलींच्या शाळा चालविल्या. तिची शाळा पाहून महात्मा जोतीराव फुले यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे ह्याच शहराच्या किल्ल्यात बंदिवासात असताना पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा आपला विख्यात ग्रंथ इंग्रजीत लिहिला. ज्या किल्ल्याच्या खंदकावरून आपण सायकलीने जातो, त्याच्या आत बसून एका भारतीयाने ही भाषा आपल्या देशाची कहाणी सांगण्यासाठी राबविली! भाषा ही कोणाची मिरास नसते; जो ती राबवितो, त्याची ती होते.

फरारबाईंच्या उदाहरणात आणखी एक बोध आहे. नगरच्या मुलींना शिकवावयाचे, तर आधी त्यांची मराठी आपलीशी करणे त्यांना भाग होते. त्या काळी परदेशी माणसे मराठी कशी शिकत, ह्याचा मोठा पुरावा म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि दुसरी १८५७ मध्ये निघाली. तो कोश चाळून पाहावा. त्यात नुसता शब्द आणि त्याचा अर्थ एवढेच नाही. शब्दाला लागून येणारी क्रियापदे, वाक्प्रचार आणि म्हणीही जागोजाग दिल्या आहेत. परभाषा शिकणाऱ्याला सुट्ट्या शब्दाचा उपयोग थोडा, ही गोष्ट त्या कोशकारांनी ओळखली होती.

पण इतक्या दूर जाण्याचे तरी काय कारण? आपल्याच घराकडे पाहू. आपले पूर्वज तेलंगणातून ह्या मुलखात आले, तेव्हा त्यांच्या मुखी तेलुगू होती. तोफखान्याच्या परिसरातील आपल्या जुन्या घरांत आजही ती ऐकू येते. मराठीची किनार लागलेली असेल, पण ती आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना मराठी कोणी शिकविली? त्यांच्यापाशी व्याकरणाचे पुस्तक नव्हते, शिकवणी नव्हती. सुताच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करताना, बाजारात लुगडे विकताना, शेजारणीच्या बारशाला जाताना ते ही भाषा शिकले. आणि शिकले ते कसे? सुटे शब्द गोळा करून नव्हे. 'भाव' हा एकच शब्द घ्या. भाव विचारतात, भाव ठरवितात. भाव पडतो, भाव चढतो. माणूस भाव देतो आणि एखादा उगाच भाव खातो! प्रत्येक क्रियापदाबरोबर अर्थ पालटला. आपल्या आजीने ह्याची यादी कधी पाठ केली नाही. तिने प्रत्येक जोडी त्या त्या प्रसंगात ऐकली आणि दुसऱ्या दिवशी वापरली. लिहितावाचता न येणाऱ्या माणसांनी जी गोष्ट साधली, ती पदवीधर नातवंडांना साधू नये, हे आम्हांस पटत नाही. चूक नातवंडांच्या बुद्धीची नाही, पद्धतीची आहे.

आता ह्या पद्धतीचे मर्म आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. तेलुगूत आपण 'पडुगु-पेक' म्हणतो, मराठीत ताणाबाणा म्हणतो, इंग्रजीत 'वार्प' आणि 'वेफ्ट' म्हणतात. वाक्याची रचना हा भाषेचा ताणा होय आणि शब्द हा बाणा. ताण्यावाचून बाणा म्हणजे नुसता गुंता. बाण्यावाचून ताणा म्हणजे रिकामा माग. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकविली गेली. त्या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत, कारण त्यांत शब्दांमागोमाग लगेच वाक्ये होती आणि ती दोन्ही भाषांत फिरवून घेतली जात. पुढे परीक्षेच्या घाईत वाक्ये गळाली आणि शब्दार्थ तेवढे उरले. तेथून आपला धागा तुटला.

प्रत्येक भाषेत शब्दांची संगत ठरलेली असते. आपण मार खातो, शपथ खातो, हवा खातो, लाच खातो आणि प्रसंगी दुसऱ्याचे डोकेही खातो. तेलुगूतही 'ना बुर्र तिनकु' म्हणजे 'माझे डोके खाऊ नकोस' असेच म्हणतात. ह्या बाबतीत आपल्या दोन्ही भाषांचे सूत जुळते; परंतु इंग्रज बिचारा डोके खात नाही! तो शपथ 'घेतो' आणि लाचही 'घेतो'. आपण कडक चहा पितो. इंग्रजीत तो 'हार्ड' नसून 'स्ट्राँग' असतो. आपला पाऊस मुसळधार. इंग्रजीत तो 'हेवी', म्हणजे जड. चूक 'मेक' करतात, पण गृहपाठ 'डू' करतात. ह्याला तर्क लावू नये. 'भाव खाणे' ह्यात खाण्यासारखे काय आहे, ह्याला तरी कोठे तर्क आहे? जे. आर. फर्थ नावाचे एक इंग्रज भाषाशास्त्रज्ञ काही वर्षे लाहोरला प्राध्यापक होते. माणसाप्रमाणे शब्दाचीही पारख त्याच्या संगतीवरून करावी, हा विचार त्यांनी भाषाशास्त्रात रुजविला. म्हणून विद्यार्थी मित्रहो, वहीत एकटा शब्द कधी लिहू नका. 'डिसिजन' म्हणजे निर्णय, एवढे लिहून भागत नाही; 'मेक अ डिसिजन' अशी जोडी लिहा, आणि खाली आपल्या घरातले एक वाक्य लिहा.

ह्या ठिकाणी एक आनंदाची गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्रजी शब्दांच्या घरात शिरून पाहिले, तर जागोजाग आपलाच माग मांडलेला दिसतो. 'शटल' म्हणजे आपला धोटा. तो इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरतो; म्हणून दोन ठिकाणांच्या दरम्यान फेऱ्या मारणारी गाडी 'शटल' झाली, बॅडमिंटनचे फूल 'शटलकॉक' झाले आणि अंतराळात जाऊन परत येणारे यान 'स्पेस शटल' झाले. 'टेक्स्ट' हा शब्द लॅटिनमधील विणणे ह्या अर्थाच्या धातूपासून आला. 'टेक्स्टाइल' त्याचे सख्खे भावंड. म्हणजे ग्रंथातील मजकूर हेही एक विणलेले वस्त्रच! आपल्याकडे 'सूत्र' म्हणजे धागा आणि सूत्र म्हणजे शास्त्रातील नेमके वचनही. 'ग्रंथ' ह्या शब्दाच्या मुळाशीही गुंफण्याचा, गाठ घालण्याचा अर्थ आहे. किती दूरच्या माणसांना एकच उपमा सुचली! 'क्लू' म्हणजे मूळचा सुताचा गुंडा. ग्रीक कथेतील वीर चक्रव्यूहासारख्या भुलभुलैयातून अशा सुताच्या आधारे बाहेर पडला, त्यावरून रहस्य उलगडणारा दुवा तो 'क्लू'. आपणही तपासाचे 'धागेदोरे' मिळाले असेच म्हणतो. पूर्वी लोकरीचे ओले कापड चौकटीवर ताणून आकड्यांना अडकवीत. त्या आकड्यांना 'टेंटरहुक्स' म्हणत. त्यावरून 'ऑन टेंटरहुक्स' हा वाक्प्रचार निघाला. मराठीत त्याला 'जीव टांगणीला लागणे' ह्याहून चपखल प्रतिशब्द सापडणार नाही. आणि अमेरिकेत १८२८ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढणारे नोआ वेब्स्टर यांचे आडनाव काय सांगते? 'वेब्स्टर' म्हणजे विणकर! कोशकाराच्या आडनावातच जेथे माग आहे, त्या भाषेला विणकरांच्या मुलांनी भ्यावे, हे बरे दिसत नाही.

ही गंमत नुसत्या करमणुकीसाठी सांगितली नाही. शब्दाची कूळकथा कळली, की तो ध्यानात राहतो, आणि एका शब्दाबरोबर त्याचे सारे कुटुंब हाती लागते. संस्कृतात 'हृ' ह्या एका धातूला उपसर्ग लावून आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार असे शब्द होतात. इंग्रजीतही लॅटिनमधील 'पोर्ट', म्हणजे वाहून नेणे, ह्यापासून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट असे कुटुंब वाढले आहे. आत आणणे ते इम्पोर्ट, बाहेर नेणे ते एक्स्पोर्ट. अशी पाचपन्नास मुळे आणि दहावीस उपसर्ग ओळखीचे झाले, की अपरिचित शब्दही निम्मा परिचित वाटू लागतो.

आता म्हणी आणि वाक्प्रचार. ह्या बाबतीत आमच्या तरुण मित्रांचा एक गैरसमज आहे. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांतील चमकदार वाक्प्रचार दोनचारशे पाठ केले, की इंग्रजी आली, असे त्यांस वाटते. मग अर्जात किंवा मुलाखतीत 'कुत्रीमांजरे पडावी तसा पाऊस' आणून बसवितात. वस्तुतः तो वाक्प्रचार आता जुनाट झाला आहे. लुगड्याला जर शोभते, परंतु सगळेच लुगडे जरीचे केले तर ते नेसवत नाही. काही वाक्प्रचार दोन्ही भाषांत जवळजवळ सारखे असतात, ते आधी घ्यावेत. कोल्ह्याची आंबट द्राक्षे इंग्रजीतही आंबटच आहेत. काहींचा आशय एक, पण चित्र निराळे असते. आपण अंथरूण पाहून पाय पसरतो. इंग्रज कापड पाहून कोट बेततो. आणि काहींत त्या देशाचा भूगोल असतो. न्यूकॅसलला कोळसा नेणे म्हणजे जेथे जी वस्तू विपुल तेथेच ती नेणे. न्यूकॅसल हे कोळशाच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. आपल्या जिल्ह्यातला माणूस 'प्रवरानगरला साखर पाठविणे' म्हणाला, तर अर्थ तत्काळ कळेल! वाक्प्रचार असा आपल्या मुलखात आणून पाहावा. तो मग विसरत नाही.

परंतु नित्याच्या व्यवहारात ह्या अलंकारांपेक्षा साध्या क्रियापदांच्या जोड्या अधिक उपयोगी पडतात. 'फिल इन' म्हणजे अर्ज भरणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'कॅरी आउट' म्हणजे पार पाडणे, 'टर्न डाउन' म्हणजे नाकारणे, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे. कचेरी, कारखाना, बँक, इस्पितळ, कोठेही जा, ह्यांच्यावाचून पान हलत नाही. बापुडे शब्द किती लहान! 'पुट', 'लुक', 'टर्न' हे तर पहिल्या इयत्तेतले. पण त्यांच्या शेजारी एक इवलासा शब्द बसला, की अर्थ साफ बदलतो. आमचे अनेक विद्यार्थी लांबलचक शब्दांच्या मागे धावतात आणि ह्या लहानग्यांकडे पाठ फिरवितात. बोलताना अडतात ते ह्याचमुळे.

एकूण शब्द किती हवेत? कोशात लाखो शब्द आहेत हे ऐकून छाती दडपून जाते. पण मायकेल वेस्ट नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने ह्या भीतीवर उतारा दिला आहे. हे गृहस्थ ढाक्यात बंगाली मुलांना शिकवीत होते. इंग्रजीत वारंवार येणारे शब्द कोणते, ह्याचा विचार करून त्यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० मूळ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य लिखाणातील बहुतांश मजकूर एवढ्या शब्दांच्या आवाक्यात येतो. त्यापूर्वी १९३० मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी अवघ्या ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली होती. आता साधा हिशेब करू. रोज नवे शब्द पाच. वर्षाचे झाले १८२५. म्हणजे एका वर्षात वेस्टसाहेबांच्या यादीच्या काठावर आपण येतो! विडीच्या हिशेबापुढे हा हिशेब काहीच नाही. आपल्या माताभगिनी दिवसाकाठी शेकड्यांनी विड्या वळतात. त्यांच्या मुलांना पाच शब्द जड जावेत काय?

मात्र शिकलेले टिकविण्याची युक्ती ठाऊक हवी. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखविले, की पाठ केलेले बहुतेक पहिल्या एकदोन दिवसांतच विसरते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो; आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराअंतराने उजळणी केलेली अधिक टिकते. म्हणून आमची सूचना अशी. आज घेतलेले पाच शब्द उद्या पाहावेत, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. उजव्या बाजूचा अर्थ झाकून आधी आठवून पाहावे, मगच उघडावे. आणि दररोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे, कारण जिभेला सवय नसेल, तर डोळ्यांनी ओळखलेला शब्द ऐन वेळी ओठांवर येत नाही. उच्चाराची शंका आली, तर हल्ली मोबाइलमधील कोश शब्द बोलून दाखवितो. त्या यंत्राचा एवढा तरी सदुपयोग व्हावा. वाचावयास महाग पुस्तके नकोत. औषधाच्या खोक्यावरील सूचना, बँकेचा अर्ज, मोटारपंपाची माहितीपत्रिका, पतपेढीची नोटीस, हीदेखील पाठ्यपुस्तकेच होत. शिवाय फ्यूज, स्टार्टर, व्हॉल्व्ह, शेअर, पासबुक असे शेकडो शब्द आपल्या घरात आधीच नांदत आहेत. त्यांची फक्त संगत शिकावयाची आहे.

पालकांना दोन शब्द सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. तरीही कित्येक पालक, पोटाला चिमटा घेऊन, मुलाला इंग्रजी माध्यमात घालतात. तो त्यांचा अधिकार आहे. पण त्यापाठोपाठ घरात फर्मान निघते, की तेलुगू बोलू नकोस, मराठीही बेताची बोल. आजी बोलावते, नातू उत्तर देत नाही. ह्यातून इंग्रजी येत नाही. उलट मूल तिन्ही भाषांत मुके होते. मनात जो विचार कोणत्याच भाषेत नीट उमटला नाही, तो इंग्रजीत कसा उमटेल? ज्या मुलाला आजीची म्हण समजते, त्याला परभाषेतील म्हणीचे मर्म लवकर समजते. ज्याला 'भाव करणे' आणि 'भाव खाणे' ह्यांतील भेद कळतो, त्याला 'टर्न अप' आणि 'टर्न डाउन' ह्यांतील भेद समजावून सांगणे सोपे जाते. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण कोणतेही दूध पचावयास आधी आईच्या दुधावर पोसलेले शरीर लागते. तेलुगूची लाज धरू नका. आपल्या समाजाला भाषा शिकण्याची जी हातोटी आहे, तिचा पुरावाच ती आहे.

शेवटी संस्थेला एक विनंती. सत्कार, बक्षिसे, वह्यावाटप ही कार्ये स्तुत्यच आहेत. त्यांच्या जोडीला आठवड्यातून एक सायंकाळ 'शब्दसंध्या' म्हणून राखावी. त्यासाठी फी नको, मोठा शिक्षक नको. कॉलेजातील मुलांनी शाळेतील मुलांना जवळ घ्यावे. प्रत्येकाने आठवड्यातील आपल्या शब्दजोड्या वाक्यांसह म्हणून दाखवाव्यात. चुकले तर कोणी हसू नये. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. आपला माणूस इंग्रजी बोलत नाही, त्याला अज्ञानापेक्षा हसे होण्याची भीती अधिक कारण आहे. नवशिका विणकर माग धरतो, तेव्हा धागे तुटतातच. जाणता माणूस हसत नाही. वाकून धागा जोडून देतो आणि पुन्हा धोटा हातात देतो. आपल्या मुलांच्या बाबतीत आपण सर्वांनी एवढेच करावयाचे आहे.